आकांत आणि आक्रोश

मोठ्याने व्यक्त होणाऱ्या शोकासाठी मराठीत अनेक शब्द असले, तरी ते सरसकट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गाईच्या हंबरण्याशी नाते सांगणारा ‘हंबरडा’ एकट्या माणसाचा आणि बहुधा अचानक फुटणारा असतो, ‘टाहो’मध्ये कुणाला तरी मारलेली आर्त हाक असते, ‘विलाप’ म्हणजे गेलेल्याच्या आठवणी काढत, शब्दांसह चाललेले दीर्घ रडणे.

आकांत आणि आक्रोश या शब्दांचे वेगळेपण एका घटनेतून स्पष्ट होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा डोळे, घसा आणि फुफ्फुसे जाळणाऱ्या त्या वायूने अनेकांना ओरडण्यापुरताही श्वास ठेवला नाही, ही त्या रात्रीची सर्वांत क्रूर बाजू होय. वस्त्याच्या वस्त्या एकाच वेळी जीव मुठीत धरून धावत सुटतात, तेथे हंबरडा हा शब्द अपुरा पडतो आणि अनेकांच्या भयाचा व शोकाचा कल्लोळ सांगणारा ‘आकांत’च योग्य ठरतो. पुढे वाचलेल्या स्त्रियांनी भरपाई व उपचारांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले; त्यात दुःखाइतकाच अन्यायाविरुद्धचा संतापही असल्याने त्यांना विलाप न म्हणता ‘आक्रोश’ म्हटले पाहिजे.