सौम्यीकरण : शिक्षेचे की संकटाचे?

कायद्याच्या परिभाषेतील काही शब्द असे असतात की, ते ज्या दालनात उच्चारले जातात त्याप्रमाणे त्यांचा अर्थ पालटतो. इंग्रजीतील ‘मिटिगेशन’साठी शासनव्यवहारात रूढ झालेला ‘सौम्यीकरण’ हा त्यांपैकीच एक. कानाला तो काहीसा ओबडधोबड लागतो. तथापि महाबळेश्वरच्या डोंगरांचे भवितव्य आपण त्याचा कोणता अर्थ स्वीकारतो यावर बऱ्याच अंशी अवलंबून असल्याने त्याची थोडी चिकित्सा करणे अवश्य आहे.

फौजदारी न्यायालयात आरोपी दोषी ठरल्यानंतर त्याचा वकील सौम्यकारक परिस्थिती मांडतो : तरुण वय, मनावरचा ताण, सुधारण्याची शक्यता. बच्चनसिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा घटनाबाह्य नाही असा निर्वाळा दिला. त्याचबरोबर अपराधाप्रमाणेच अपराध्याची ही बाजूही तोलली पाहिजे, असे सांगितले. येथे अपराध घडून गेलेला असतो. सौम्य व्हायची ती शिक्षा.

दिवाणी व्यवहारात भार उलट बाजूला पडतो. महाबळेश्वरच्या बागायतदाराकडून स्ट्रॉबेरी घेण्याचा करार करून व्यापारी ऐन वेळी फिरला, तर बागायतदाराने माल कुजू देऊन संपूर्ण किंमत मागावी हे न्यायालय मान्य करीत नाही. मिळेल त्या वाजवी भावाने तो दुसरीकडे विकावा आणि तुटीपुरती भरपाई मागावी, असा १८७२ च्या करार कायद्यातील कलम ७३ च्या स्पष्टीकरणाचा आशय आहे. म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्यानेच ते आटोक्यात ठेवावयाचे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील अर्थ या दोहोंहून निराळा आहे. आपत्तीचा धोका, आघात किंवा परिणाम कमी करण्याचे उपाय म्हणजे सौम्यीकरण, अशी त्याची व्याख्या. पर्यावरणाच्या क्षेत्रातही हानी प्रथम टाळावी, न टळणारी कमी करावी आणि उरलेल्या हानीचीच भरपाई करावी, हा क्रम मानला जातो. (हवामानशास्त्रज्ञ हाच शब्द केवळ उष्णतारोधक वायूंचे उत्सर्जन घटविण्यासाठी योजतात, आणि पुराविरुद्धच्या भिंतीला अनुकूलन म्हणतात. दोन खात्यांच्या कागदांत एकाच शब्दाने दोन गोष्टी निघाल्या तर नवल नाही.)

आता महाबळेश्वरकडे वळू. या पठाराच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि खाली काळा पाषाण. उतारांवर झिजलेल्या खडकाची जाड माती साचलेली असते. पावसाचे पाणी तीत मुरले की तिचे वजन वाढते आणि खडकाला धरून ठेवण्याची तिची शक्ती घटते. अशा वेळी रस्त्यासाठी अथवा हॉटेलासाठी उताराचा खालचा भाग कापलेला असेल, तर वरच्या मातीचा आधारच गेलेला असतो. वृक्षांची मुळे ही माती बांधून ठेवतात, हे वेगळे सांगावयास नको. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच रात्री पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडींखाली माणसे गाडली गेली. पुढे काही दिवसांतच सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ती ५७ फुटांपलीकडे गेली होती. महाबळेश्वरचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरते, हे सांगलीकरांना नकाशा न पाहताही ठाऊक आहे.

या प्रदेशाला संरक्षण नव्हते असे नाही. केंद्र शासनाने जानेवारी २००१ मध्येच महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. वृक्षतोडीवर आणि बांधकामांवर निर्बंध आले. परंतु अनुभव असा की, विनापरवाना इमारत आधी उभी राहते आणि मग फौजदारी वकिलाच्या थाटात युक्तिवाद होतो : कर्ज काढले आहे, रोजगार मिळाला आहे, पर्यटन वाढले आहे, तेव्हा दंड घेऊन काम नियमित करावे. सौम्यीकरण झाले खरे, पण शिक्षेचे. पाटणचा शेतकरी व सांगलीचा दुकानदार यांच्या वाट्याला मात्र दिवाणी अर्थ येतो : घर सोडा, माल माडीवर चढवा, आपले नुकसान आपणच आवरा. व्यापाऱ्याशी निदान बागायतदाराचा करार तरी झालेला होता. डोंगरमाथ्यावर उत्खनन करणाऱ्याशी सांगलीकराने कोणता करार केला होता?

येथील स्थानिकांची एक तक्रार मात्र रास्त आहे. गळके छप्पर दुरुस्त करू पाहणाऱ्या कुटुंबालाही हेच निर्बंध जाचतात. सौम्यकारक परिस्थिती खरोखर कोणाची असेल, तर ती या कुटुंबाची. अख्खा डोंगर विकत घेऊन त्याचे भूखंड पाडणाऱ्यालाही तीच सवलत देणे हा न्यायाचा विपर्यास होय.

पैशाची सबब आता तितकीशी टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील वीस टक्के रक्कम केवळ सौम्यीकरणासाठी राखून ठेवण्याची शिफारस केली होती. दरडप्रवण उतारांची पाहणी, पाण्याला वाट करून देणारे चर, पावसाची वेळीच सूचना ही कामे त्यात बसतात. आधी उतार कापू देऊन मागाहून त्याला संरक्षक भिंत बांधण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्तही पडतात.

दरम्यान सातारा, जावळी व पाटण या तालुक्यांतील २३५ गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाचा प्रारूप आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला. हरकती मागविण्याचा उपचारही झाला. ज्या पाटण तालुक्यात २०२१ मध्ये दरडी कोसळल्या, त्याच तालुक्यातील गावे त्यात आहेत. कोणता उतार कापावयाचा नाही, याचा गाववार नकाशा मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावल्यावाचून अशा आराखड्याला अंतिम मंजुरी देऊ नये, एवढी मागणी त्या गावकऱ्यांनी करणे वाजवी आहे. सांगलीच्या महापालिकेनेही तीत सामील व्हावे. पाणी शेवटी तिच्याच दारात येते.