नवकारसीच्या दोन घटिका

बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई. जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत जैन व्यापाऱ्याचा दिवस बहुधा एकाच क्रमाने जातो. सकाळी स्थानक किंवा मंदिर, नवकारसी पारल्यावर चहा-न्याहारी, मग दुकान आणि त्यानंतर रात्रीपर्यंत गादी. पूर्वी मांडी घालून, लोडाला टेकून, पुढ्यात वही घेऊन बसत. आता खुर्ची, संगणक आणि मोबाइल आले. बैठक मात्र तितकीच लांब राहिली. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या हंगामात आडत दुकानातील माणूस जेवणापुरताच काय तो उठतो. पाठ वाकते, मान आखडते, गुडघे धरतात, पोट सुटते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी त्यात अडकलेल्या उधारीची भर पडते. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो आणि वरच्या व्यापाऱ्याचा तगादा थांबत नाही. रात्रीची झोप उडते, दिवसा शब्दाला धार येते.

अशा वेळी डॉक्टरांकडून 'योग करा' हा सल्ला हमखास मिळतो. 2015 पासून दरवर्षी 21 जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. गावोगावच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात. त्या दिवशीचा उत्साह पुष्कळदा आठवडाभरही टिकत नाही. 'वेळ कुठे आहे?' हा प्रश्न आडवा येतो. जैन घरात या प्रश्नाचे उत्तर मात्र पिढ्यान्पिढ्या तयार आहे. सूर्योदयापासून नवकारसी येईपर्यंत एक मुहूर्त, म्हणजे दोन घटिका किंवा 48 मिनिटे जातात. त्या वेळात मुखात अन्न नाही, पाणीही नाही. आसनांसाठी जे रिकामे पोट लागते, ते व्रतानेच दिलेले असते. हा मोलाचा वेळ आज बहुतेक घरांत मोबाइल पाहण्यात आणि घड्याळाकडे डोळे लावण्यात जातो.

योग आपल्याच घरचा

बीड जिल्ह्याला योग हा शब्द नवा नाही. अंबाजोगाईच्या नावातली 'जोगाई' म्हणजे योगेश्वरी. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी याच गावाजवळ आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' 1188 सालचा मानला जातो. त्याच बाराव्या शतकात गुजरातेत कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्र यांनी राजा कुमारपालासाठी 'योगशास्त्र' रचले. त्याच्याही कितीतरी आधी आचार्य हरिभद्रसूरींनी 'योगदृष्टिसमुच्चय' लिहून मित्रा, तारा, बला, दीप्रा अशा आठ दृष्टी सांगितल्या आणि पतंजलींच्या आठ अंगांशी त्यांचा मेळ घातला.

पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरे आणि प्राणायाम चौथा. पहिले अंग यम. आणि ते पाच यम म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. साधूंची महाव्रते तीच आणि श्रावकाची अणुव्रतेही तीच. म्हणजे जैन घरातील मूल चटईवर पाय ठेवण्यापूर्वीच योगाच्या पहिल्या पायरीवर उभे असते.

हेमचंद्राचार्यांनी पर्यंकासन, वीरासन, वज्रासन, पद्मासन, भद्रासन, दंडासन, उत्कटिकासन, गोदोहिकासन आणि कायोत्सर्ग अशी नऊ आसने सांगितली. त्यांतील गोदोहिका बीडच्या कोणत्याही गोठ्यात पाहायला मिळते: गाईची धार काढताना बसतात तशी, टाचा उचललेली उकिडवी बैठक. श्वेतांबर आगमपरंपरेनुसार, साडेबारा वर्षांच्या साधनेनंतर ऋजुबालिका नदीच्या काठी शालवृक्षाखाली भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते याच आसनात. मात्र आसनांची यादी देऊन आचार्य थांबत नाहीत. ज्या आसनाने मन स्थिर होईल तेच आसन घ्यावे, असा निर्णय ते देतात. गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी खुर्चीवर ताठ बसून साधना केली तर त्यात काही उणे नाही.

श्वासाचे माप

श्वासाविषयी जैन परंपरेने सांगितलेले आज विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. घड्याळ नव्हते तेव्हा कायोत्सर्गाचा काळ श्वासाने मोजत असत. एका चरणाला एक श्वास हे त्याचे माप. लोगस्सच्या सहा गाथांचे चोवीस चरण आणि सातव्या गाथेचा पहिला चरण मिळून 25 श्वासोच्छ्वास होतात. सायंकाळच्या प्रतिक्रमणात 100, सकाळच्या 50, पाक्षिकात 300, चातुर्मासिकात 500 आणि संवत्सरीला 1008 श्वासोच्छ्वासांचा कायोत्सर्ग सांगितला आहे. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार आणि 27 श्वासोच्छ्वास हे माप प्रसिद्ध आहे.

व्यापारी माणसाने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारणतः 12 ते 20 वेळा श्वास घेतो. मिनिटाला 15 श्वास धरले तरी चार लोगस्सच्या कायोत्सर्गाला सुमारे सात मिनिटे लागतात आणि संवत्सरीच्या कायोत्सर्गाला तासाहून अधिक. प्रत्यक्षात चार लोगस्स कित्येकदा दीड-दोन मिनिटांत आटोपतात. पाठ पुरा होतो, माप मात्र कमी भरते. दुकानात मापात मारणे ज्याला पाप वाटते, त्याला हेही खटकायला हवे.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कायोत्सर्गापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या अन्नत्थ सूत्रात श्वास घेणे, सोडणे, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर यांची सूट आधीच मागून ठेवलेली असते. देह निश्चल ठेवायचा, पण श्वास कोंडायचा नाही. हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'च्या पाचव्या प्रकाशात प्राणायामाचे सविस्तर वर्णन केले आणि सहाव्यात स्पष्ट बजावले की प्राणायामाने पीडलेल्या मनाला स्वास्थ्य लाभत नाही. बळाने श्वास रोखणे किंवा जोराने भाते चालवणे ही म्हणूनच श्रावकाची मुख्य वाट नव्हे. श्वास सावकाश चालू द्यावा आणि त्याच्याकडे पाहावे. आचार्य महाप्रज्ञांनी 1975 मध्ये प्रेक्षाध्यान या नावाने जी पद्धती समाजापुढे ठेवली, तिच्यात कायोत्सर्ग आणि श्वासप्रेक्षा याच कारणाने महत्त्वाचे आहेत.

48 मिनिटांचा क्रम

ज्यांचे सामायिक सूर्योदयापूर्वी होते त्यांनी ते तसेच चालू ठेवावे. सूर्योदयानंतरच्या दोन घटिकांतील पहिली वीस मिनिटे आसनांना द्यावीत. ताडासनाने पाठीचा कणा ताणला जातो. मार्जारासन आणि भुजंगासन वहीवर किंवा संगणकावर वाकून आखडलेली पाठ मोकळी करतात. कटिचक्रासनाने कंबर सुटते, वज्रासनाने ताठ बसण्याची सवय लागते. प्रत्येक आसन सावकाश करावे. धाप लागली तर थांबावे. वंदनाही घाईने उरकू नये. दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक भूमीला टेकवून केलेले पंचांग वंदन श्वासाच्या लयीत केले, तर त्यात देहाचा व्यायामही आहे आणि अहंकाराचाही नमस्कार आहे.

पुढची दहा मिनिटे उभ्याने किंवा बसून कायोत्सर्ग करावा. वेरूळच्या जैन लेण्यांत कायोत्सर्गात उभे असलेले पार्श्वनाथ आणि अंगावर वेली चढलेले बाहुबली पुष्कळांनी पाहिले असतील. खांदे सैल, हात मोकळे, दृष्टी स्थिर. घोड्यासारखा एक पाय वाकवून उभे राहणे हा घोटक दोष आणि वेलीसारखे डोलणे हा लता दोष, ते टाळावेत. उरलेल्या वेळात नवकार, एका पदाला एक श्वास या मापाने.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवती भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच आसने करावीत. अठाई किंवा मोठी तपस्या चालू असताना श्रमाची आसने बंद ठेवावीत. तेव्हा शांत श्वास आणि कायोत्सर्ग पुरेसे आहेत.

दिवसभरासाठी एकच नियम पाळावा: तासातून एकदा गादीवरून उठावे. सामायिकाच्या 32 दोषांपैकी 12 कायेचे आहेत. त्यांत भिंतीला टेकणे, आसन सारखे हलवणे, बोटे मोडणे, आळस देणे हे सारे येते. 48 मिनिटे आधाराविना ताठ बसण्याची सवय झालेल्या पाठीला गादीवरही लोडाची गरज कमी भासते. उधारीवरून शब्दाला शब्द लागण्याची वेळ आली तर उत्तर देण्यापूर्वी एक नवकार मनात म्हणावा. आठ-दहा श्वासांत क्रोधाचा पहिला वेग ओसरतो. समोरचा शेतकरीही त्याच दुष्काळात होरपळलेला आहे, हे तेवढ्या अवकाशात दिसू लागते.

पुणिया श्रावकाचे आसन

कापसाच्या या मुलखात पुणिया श्रावकाची कथा विशेष जवळची वाटावी. तो कापसाचे पेळू विकून जगणारा अगदी लहान व्यापारी. त्याच्या एका सामायिकाचे मोल राजा श्रेणिकाच्या भांडारालाही देता आले नाही, असे परंपरा सांगते. एके दिवशी सामायिकात त्याचे मन लागेना. आसन तेच, जागा तीच, वेळ तीच. शोध घेता कळले की, न विचारता घेतलेल्या शेणाच्या गोवऱ्या त्या दिवशी चुलीत गेल्या होत्या. विनामोल आलेल्या तेवढ्याशा वस्तूने त्याचे ध्यान ढळवले होते.

पुणियाने त्या दिवशी आसन बदलले नाही की श्वासाची नवी रीत शोधली नाही. त्याने घरातला हिशेब तपासला. ज्याचे मन सकाळच्या दोन घटिकांत पुन्हापुन्हा दुकानाकडे धावते, त्यानेही आधी आपली वही उघडून पाहावी. कोणाच्या नावे चुकीची रक्कम चढली आहे काय, कोणाचे देणे मुद्दाम लांबवले आहे काय, कोणाला माप कमी गेले आहे काय, हे पाहावे. जे सापडेल ते त्याच दिवशी फेडावे आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पुन्हा आसन घालावे.