बॅटरी उशाशी नको

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावायचा म्हणजे काय यातायात असते, ते ज्यांनी लावला त्यांनाच ठाऊक. आमचा टेम्पो विरारहून ४ तारखेच्या रात्री निघतो. पुस्तकांचे गठ्ठे, दिनदर्शिका, ताडपत्री, बांबू, तांदळाची पिशवी, भांडीकुंडी आणि वर बसलेली माणसे. मग शिवाजी पार्कवर तीन रात्री मुक्काम. सगळे नेता येते, अडते ते उजेडाचे. एके वर्षी आम्ही टेम्पोच्याच बॅटरीला वायर जोडून दिवे आणि पंखा लावला, दिसेल त्याचा मोबाईलही चार्ज करून दिला. ७ तारखेला सकाळी किल्ली फिरवली तर टेम्पो गपगार. दादरच्या रस्त्यावर अकरा जणांनी तो ढकलला, त्यात दोन आजीबाई होत्या. पुढच्या वर्षी शहाणपण करून ट्रकची जुनी बॅटरी वेगळी नेली. ती वाटेत कलंडली आणि तिच्यातल्या ॲसिडने पुस्तकांचा एक गठ्ठा खाल्ला.

तेव्हापासून आम्ही लिथियम बॅटरीची चौकशी करीत आलो. आता तर वसई-विरार पट्ट्यात ती घरोघरी आली आहे. कुणाच्या स्कूटरमध्ये, कुणाच्या इन्व्हर्टरला, तर कुणाच्या भाजीच्या गाडीवरच्या दिव्याला. वस्तू कामाची आहे, हे प्रथमच सांगतो. पण तिचा एक धोका आपल्या एका खोलीच्या घरांशी थेट जोडलेला आहे, म्हणून या पानावर हा विषय मुद्दाम घेतला.

आधी हिशेब पाहू. स्टॉलला १० वॅटचे तीन दिवे सहा तास लावले तर १८० वॅट-तास होतात. २० वॅटचा लहान पंखा आठ तास, म्हणजे १६०. दहा मोबाईल चार्ज केले तर साधारण १५०. सगळे मिळून रात्रीला ४९० वॅट-तास. आपली नेहमीची ॲसिडची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १२०० वॅट-तास देते. पण ती निम्म्याहून जास्त उतरवली की लवकर खराब होते, तेव्हा हाती येतात ६०० आणि वजन भरते तीस किलोच्या आसपास. लिथियमची १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासाची बॅटरी ६४० वॅट-तासांची असते. तिचा ऐंशी टक्के भाग रोज वापरला तरी चालतो, म्हणजे ५१२. आपले काम तेवढ्यात भागते आणि वजन सहा-सात किलो. आमच्या मंडळातल्या भगिनी ती पिशवीत घालून नेतात. किंमत जास्त पडते, हे खरे. परंतु चांगली लिथियम बॅटरी दोन हजार वेळा किंवा त्याहून अधिक भरता येते. ॲसिडची काहीशे वेळांतच दमते. वर्षातून तीनच दिवस लागणार असेल तर आम्ही म्हणू, विकत घेऊ नका, चार मंडळांत मिळून एक घ्या. रोज संध्याकाळी गाडी लावणाऱ्याला मात्र ती परवडते.

टेम्पोत लावायची असेल तर एक चूक टाळा. इंजिनवर चालणाऱ्या डायनामोला ती थेट जोडू नका. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढून घेते. डायनामो तेवढ्यासाठी बनवलेला नसतो, तो तापतो आणि जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर नावाची डबी बसवावी लागते. ती मोजूनमापून करंट देते आणि टेम्पोची स्वतःची बॅटरी उतरू देत नाही. ढकलायची पाळी येत नाही!

लिथियम हे सरसकट नाव आहे, त्यात जाती अनेक. आपल्याला दोन ओळखता आल्या तरी पुरे. एक, लिथियम आयर्न फॉस्फेट. दुसरी, निकेल-मँगनीज-कोबाल्टची. दुसरी तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते, म्हणून मोबाईलमध्ये आणि पुष्कळ स्कूटरमध्ये तिची किंवा तिच्या जवळच्या जातीची बॅटरी असते. पण फार तापली की तिच्यातूनच ऑक्सिजन सुटतो आणि आग स्वतःच स्वतःला पोसत जाते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ती सहजासहजी पेटत नाही. ही जात १९९७ साली जगापुढे आली ती अमेरिकेत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून, आणि त्या संशोधन-लेखावर पहिले नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचे आहे. गुडइनफ यांना २०१९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते लिथियम बॅटरीवरच्या कामासाठीच.

दुकानात ओळखायची कशी? लेबलावरचे व्होल्ट पाहा. फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून आकडे १२.८, २५.६, ५१.२ असे येतात. ११.१ किंवा १४.८ दिसले तर ती दुसरी जात. आकडा गोल करून छापला असेल तर दुकानदाराला सरळ विचारा आणि बिलावर लिहून घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरे दुकान धरा. आत बीएमएस म्हणजे राखण करणारे सर्किट आहे ना, हेही विचारा. बॅटरी जास्त भरली, जास्त उतरली किंवा तापली तर ते वीज तोडते. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून, टेप गुंडाळून स्वस्तात विकलेली बॅटरी फुकट मिळाली तरी घरात आणू नका. पाच-सातशे रुपये वाचवताना काय पणाला लागते, ते पुढे सांगतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या वसईत एका घरात विजेच्या स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेले सात वर्षांचे मूल गंभीर भाजले आणि काही दिवसांनी उपचार चालू असतानाच गेले. त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी स्कूटरना आगी लागल्या होत्या. केंद्र सरकारने त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. त्याआधीच्या सगळ्याच बॅटऱ्या मात्र परत गोळा झालेल्या नाहीत. जुनी स्कूटर घेताना बॅटरी कोणत्या सालची, हे विचारण्याचे कारण तेच.

या बातमीवर पुष्कळांनी त्या घरच्यांनाच बोल लावला. बॅटरी घरात कशाला नेली, म्हणाले. आम्हाला हे बोलणे अन्यायाचे वाटते. बंगल्यातला माणूस गॅरेजमध्ये चार्जिंग करतो. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने कुठे करायचे? खाली ठेवली तर चोरीला जाते, वीज मिळत नाही. दिवसभर डिलिव्हरी करून आलेला मुलगा रात्रीच बॅटरी भरणार, आणि घरात प्लग एकच, तोही उशाशी. चूक जागेची आहे, आणि जागा एकट्या कुटुंबाला शोधता येत नाही. चाळ कमिटी, सोसायटी, विहार यांनी मिळून ती शोधायची असते.

आमच्या चाळीत गेल्या पावसाळ्यापूर्वी यावर सभा झाली. बॅटरीवाले चार, सभेला माणसे चाळीस. कुणीतरी जिन्याखालची जागा सुचवली. आम्ही विरोध केला. वरच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे त्याच जिन्याने उतरतात, तो पेटला तर बाहेर पडायचे कुठून? एका ताईंनी विचारले, आणि घराच्या दारात लावली तर? तिथेही तेच. दारात आग लागली की आतले आतच अडकतात. शेवटी मागच्या कुंपणाच्या भिंतीला, कुणाच्याही खिडकीपासून दूर, वर पत्रा टाकून चार प्लग बसवले. प्रत्येकाला एमसीबी वेगळा आणि खाली मोकळी फरशी, जवळपास लाकूड की पुठ्ठा नाही. जागा गुडघाभर उंच केली, कारण जुलै २०१८ चे पाणी कुणी विसरलेले नाही. तेव्हा वसई-नालासोपाऱ्यात लोकल बंद, वीज बंद आणि तळमजल्याच्या खोल्यांत पाणी. पुरात बुडालेली बॅटरी वाळली म्हणून चार्जिंगला लावू नये. पाणी आत शिरलेले असते आणि बिघाड काही दिवसांनीही उफाळतो.

ज्यांना अजून घरातच चार्ज करावे लागते, त्यांनी निदान जागेपणी करावे. गाडी चालवून आल्यावर बॅटरी तासभर थंड होऊ द्यावी. तिच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरावा, ॲसिडच्या बॅटरीचा नको. बॅटरी फुगली, फुसफुस आवाज आला, गोडसर वा उग्र वास आला की प्लग काढण्याच्याही आधी मुलांना बाहेर काढा. धूर विषारी असतो. बाहेर पडून दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा. सामान आणायला परत आत जाऊ नये. बाद झालेली बॅटरी भंगारवाल्याला किंवा कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, तेव्हा दुकानदाराकडे मागणी करा.

आमच्या भिंतीवरच्या प्लगचे पहिले बिल आले तेव्हा भांडण झालेच. दोन युनिटची बॅटरी पूर्ण भरायला प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच युनिट लागतात, आणि बिल चाळीच्या सामाईक मीटरवर. ज्यांच्याकडे स्कूटर नाही त्यांनी पैसे का भरावेत, हा प्रश्न रास्तच होता. आता प्रत्येक प्लगला छोटा मीटर आहे, महिन्याच्या ५ तारखेला आकडे वहीत उतरवले जातात. रात्री अकराला वीज बंद करण्याचे काम तळमजल्यावरच्या आजींनी स्वतःहून घेतले आहे. त्या एक मिनिट उशीर करीत नाहीत, डिलिव्हरीची मुले कितीही विनवण्या करोत.