सीईटीचे वर्ष : आधी हिशेब मांडा

भंडाऱ्याच्या बाजारात माल भरण्याआधी आम्ही कापड व्यापारी हंगामाचा हिशेब मांडतो. मुलाच्या बारावीचे वर्ष मात्र नशिबावर सोडतो.

अभियांत्रिकी प्रवेशासाठी २०२५ साली झालेली एमएचटी-सीईटी पाहा. १५० प्रश्न, २०० गुण. त्यांपैकी १०० एकट्या गणिताचे. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भौतिक व रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका उर्दूतही होती. उर्दू माध्यमातून शिकलेली आपली मुले इंग्रजीत अडतात. आम्हीही इंग्रजी बिल वाचताना अडखळतो.

म्हणून बंधूंनो, जूनपासून रोज तासभर गणित, दिवाळीपर्यंत अकरावीची उजळणी आणि बोर्डाची परीक्षा संपताच रोज एक सराव प्रश्नपत्रिका. लग्नसराईतही मुलाला गल्ल्यावर बसवू नका. उरलेले कापड पुढच्या हंगामात खपते. गेलेले वर्ष परत येत नाही.