एका पायावर टाच किती वेळा उचलता येते?

स्वयंपाकघरात सर्वांत वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला, की आपण नकळत चवड्यांवर उभे राहतो. क्षणभराचे काम असते ते. पण हेच एका पायावर, सावकाश, वीस-पंचवीस वेळा जमेल का? करून पाहा. ओट्याला बोटांचा हलका आधार घ्या, एक पाय गुडघ्यात दुमडून मागे घ्या आणि दुसऱ्या पायाची टाच शक्य तितकी उंच उचलून खाली आणा. टाच पहिल्याइतकी वर जाईनाशी झाली किंवा गुडघा वाकू लागला, की मोजणे थांबवा. मग दुसरा पाय.

पोटरीची ताकद तपासण्यासाठी फिजिओथेरपीत ही साधी चाचणी वर्षानुवर्षे वापरली जाते. निरोगी प्रौढासाठी २५ वेळा हा त्यातला रूढ आकडा. वयानुसार तो कमी होतो, त्यामुळे साठीनंतर २५ जमले नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र, दहाच्या आतच पाय थकत असेल किंवा दोन पायांत बराच फरक असेल, तर पोटऱ्यांकडे लक्ष द्यायला हवे.

रोज चालतो, तरी?

‘मी रोज पाच किलोमीटर चालतो, पायांना आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न सकाळच्या बागेत हमखास ऐकू येतो. चालणे हृदयासाठी, रक्तातील साखरेसाठी आणि मनासाठी उत्तमच आहे. पण स्नायूची ताकद वाढते ती सवयीपेक्षा जास्त भार पडला, तरच. सपाट रस्त्यावरची रोजची चाल पोटरीच्या अंगवळणी पडलेली असते. त्यात तिचा टिकाऊपणा राखला जातो, बळ फारसे वाढत नाही.

वयाबरोबर स्नायू झिजतात, तेव्हा पोटरीचेही बळ ओसरते. पाऊल पुढे टाकताना मागच्या पायाने जमिनीला द्यायचा रेटा कमी पडतो. पावले आखूड होतात, चाल मंदावते, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो. फूटपाथच्या उखडलेल्या फरशीवर ठेच लागली, तर तोल सावरायला घोट्याभोवतीचे स्नायू तत्पर असावे लागतात. ते कमजोर असले, तर साधी ठेचही माणसाला खाली पाडू शकते. आणि उतारवयात पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे.

पोटरीचे आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. पायांतले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायला ती पंपासारखी मदत करते. स्नायू आवळला, की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकते आणि शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच तिला ‘दुसरे हृदय’ म्हणतात. दिवसभर एका जागी उभे राहणारे दुकानदार, शिक्षक, वाहतूक पोलीस यांचे पाय संध्याकाळी जड होतात, त्यामागे हा पंप न चालणे हे एक कारण असते.

दोन स्नायू, दोन व्यायाम

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरून दिसणारा, दोन फुगीर भागांचा तो गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. उडी, धाव, जिना अशा जोराच्या कामांत तो पुढे असतो. त्याच्या खाली असतो चपटा, रुंद सोलियस. तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो आणि तासन्‌तास न थकता आपल्याला उभे ठेवतो. दोघे मिळून टाचेमागच्या जाड दोरीला, म्हणजे अकिलिस टेंडनला जोडलेले असतात.

ही रचना लक्षात घेतली, की व्यायामाचे गणित सुटते. गुडघा वाकवला, की वरचा स्नायू सैलावतो आणि भार सोलियसवर येतो. म्हणून गुडघा सरळ ठेवून एक आणि वाकवून एक, असे दोन्ही व्यायाम हवेत.

सुरुवात अशी करा

पहिली पायरी : भिंतीला किंवा ओट्याला हात टेकवून दोन्ही टाचा एकत्र उचला. दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. भार अंगठा आणि त्याशेजारच्या बोटाखालच्या चवड्यावर ठेवा. घोटा बाहेरच्या बाजूला कलू देऊ नका.

दुसरी पायरी : खुर्चीत ताठ बसा, पावले गुडघ्यांच्या खाली ठेवा. मांड्यांवर, गुडघ्यांजवळ पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून टाचा उचला. हा सोलियसचा व्यायाम. गुडघेदुखीमुळे फार वेळ उभे राहता येत नसेल, तर येथूनच सुरुवात करा.

तिसरी पायरी : जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, कठडा धरून उभे राहा. टाचा पायरीच्या पातळीच्या थोड्या खाली जाऊ द्या, मग वर उचला.

चौथी पायरी : हेच एका पायावर. तेही सोपे झाले, की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरून वजन वाढवा.

प्रत्येक व्यायाम १० ते १५ वेळा, असे दोन-तीन संच, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट जाणवले पाहिजेत. तीन संच सहज होऊ लागले, की पुढच्या पायरीवर जा. हिसके देऊन भरभर टाचा आपटल्या, तर काम स्नायू कमी आणि उसळी जास्त करते. ओल्या फरशीवर किंवा मोजे घालून हा व्यायाम करू नका.

ताकदीतला फरक काही आठवड्यांत जाणवतो. स्नायूचा आकार वाढायला दोन-तीन महिने तरी लागतात. पोटरीची ठेवण बरीचशी आनुवंशिक असते. स्नायू कुठे संपतो आणि टेंडन कुठे सुरू होतो, हे जन्मतःच ठरते. त्यामुळे कुणाच्या पोटऱ्या व्यायामानेही फार भरत नाहीत, पण बळ त्यांनाही मिळते. सोबत डाळी, उसळी, दूध-दही, अंडी, मासे असा प्रथिनयुक्त आहार हवा.

सावकाश खाली येण्याची किमया

टाच हळू खाली आणण्यावर एवढा भर का, यामागे एक गोष्ट सांगितली जाते. स्वीडनमधले अस्थिशल्यचिकित्सक हाकान अल्फ्रेडसन यांचे अकिलिस टेंडन दुखत होते. शस्त्रक्रियेला वरिष्ठांनी नकार दिला, तेव्हा दुखणे वाढवून तरी शस्त्रक्रिया करवून घेऊ, म्हणून त्यांनी पायरीवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम जोरात सुरू केला. झाले उलटेच, दुखणे कमी झाले. पुढे १९९८मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी हौशी खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १५ वेळांचे तीन संच, गुडघा सरळ आणि वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. त्यातले १५ही जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. हा उपचाराचा कार्यक्रम आहे. तो फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावा. आपल्यासाठी त्यातला धडा इतकाच, की उचलण्याइतकेच खाली आणणेही मोलाचे आहे.

येथे व्यायाम नको

व्यायामानंतर दोन्ही पोटऱ्या एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. पण एकच पोटरी सुजली, गरम किंवा लाल झाली, विशेषतः शस्त्रक्रिया, लांबचा प्रवास वा अंथरुणाला खिळल्यानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठा. मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटून चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर टेंडन तुटलेले असू शकते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखते आणि थांबल्यावर राहते, ही धमनी अरुंद झाल्याची खूण असू शकते. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

हे काहीच नसेल, तर चहाला उकळी येईपर्यंतचा वेळही सुरुवातीला पुरेसा आहे. दोन्ही पायांचे आजचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच ओट्यापाशी उभे राहून पुन्हा मोजा.