गोळ्या पहलगामला, रिकाम्या खोल्या नांदेडात

"साहेब, गोळ्या चालल्या पहलगामला. मग आमच्या खोल्या कावून रिकाम्या?"

मे २०२५ मध्ये नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातल्या एका लॉजवाल्याने मला हा प्रश्न विचारला. कारण त्यालाही ठाऊक होतं. २२ एप्रिलला बैसरनच्या कुरणात २६ जणांना ठार मारलं गेलं. ७ मेला 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं आणि उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद केले गेले. त्यात अमृतसर होतं आणि आदमपूरही, जिथून हिंडनमार्गे नांदेडला विमान येऊ लागलं होतं. पंजाबात रात्री दिवे मालवून लोक घरात बसलेले. अशा वेळी तख्त सचखंड श्री हजूर साहिबला मत्था टेकायला कोण निघणार? भाविक आला नाही की लॉजवाला बसून, कडे-कृपाण-रुमाले विकणारा बसून, स्टेशनवरचा ऑटोवालाही बसून.

त्याचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "अतिवृष्टी झाली की तलाठी येतो, पंचनामा होतो. आमचा पंचनामा कोण करणार?"

मी मूळचा औशाचा. नांदेडात राहून लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत विमा सर्व्हेअर म्हणून आगीच्या दाव्यांमागे फिरण्यात आयुष्य गेलं. जिनिंगमधल्या जळालेल्या गाठी, गोदामात भिजलेलं सोयाबीन, डाळमिलची कोसळलेली शेड हे माझं रोजचं काम. त्यामुळे सरकारने भरपाई द्यावी का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, भरपाई कशाची? हल्ल्यानंतर व्यापाऱ्याचं जे बुडतं ते सगळं एका जातीचं नसतं.

एक नुकसान डोळ्यांना दिसतं. भिंत पडली, काचा फुटल्या, माल जळाला. पुण्याची जर्मन बेकरी घ्या. १३ फेब्रुवारी २०१० ला तिथे स्फोट झाला, १७ जण गेले, आणि बेकरी पुन्हा उघडली ती २०१३ च्या मे महिन्यात. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ताजचा टॉवर त्याच डिसेंबरात सुरू झाला. जुनी वास्तू मात्र १५ ऑगस्ट २०१० ला उघडली. मोठ्या हॉटेलांचं बरंचसं नुकसान विम्यातून निघालं. ते कसं निघालं, हे आपल्याकडच्या फार थोड्या दुकानदारांना माहीत आहे.

अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ ला हल्ला झाला आणि जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी दहशतवादाच्या जोखमीतून अंग काढून घेतलं. आपल्याकडच्या कंपन्यांनी मग एप्रिल २००२ पासून सगळ्यांचा मिळून एक सामायिक निधी केला. त्याला 'टेररिझम पूल' म्हणतात आणि जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी त्याचा कारभार बघते. तुमच्या फायर पॉलिसीत दहशतवादाचा क्लॉज असेल तर त्याचा प्रीमियम या निधीत जातो. एका ठिकाणच्या नुकसानाला निधी २००० कोटींपर्यंत भार उचलतो. इतक्या वर्षांत मोठे दावे मोजकेच आले. सर्वांत मोठा भार २६/११ चाच.

म्हणजे पडलेल्या भिंतीची सोय आहे, पॉलिसी असेल तर. लॉजवाल्याची भिंत पडली नव्हती, आणि आमचं शास्त्र इथेच हात वर करतं. नफ्याच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी मिळते. पण तिच्यात एक अट असते. आधी मालमत्तेचं नुकसान झालं पाहिजे आणि त्याचा दावा मंजूर झाला पाहिजे, त्यानंतर बुडलेल्या नफ्याकडे बघायचं. काच फुटली नाही, तर वर्षभर गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी पैसा नाही.

लंडनच्या बरो मार्केटमधल्या व्यापाऱ्यांना हे २०१७ मध्ये कळलं. ३ जूनला हल्ला झाला, आठ जण मारले गेले आणि पोलिसांनी तपासासाठी बाजार बंद केला. तो उघडला १४ जूनला. भाजी सडली, चीज-मांस टाकून द्यावं लागलं, धंदा बुडाला. विमा कंपन्यांनी अनेकांना सांगितलं की तुमच्या दुकानाला इजा झालेली नाही. तिथेही असा निधी १९९३ पासून होता, आयरिश बाँबस्फोटांनंतर उभारलेला, पण त्याच्या कायद्यात इजेशिवाय बुडालेला धंदा बसत नव्हता. २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेने तो कायदा बदलला. सरकारने तिजोरीतून नफा वाटला नाही. विम्याची कक्षा वाढवली. मला ही वाट पटते.

पण बरो मार्केटमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बाजार बंद केला होता सरकारने. पहलगामनंतर जम्मू-काश्मीरमध्ये ८७ पर्यटनस्थळांपैकी ४८ बंद ठेवण्यात आली आणि जूनच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने उघडली जाऊ लागली. सुरक्षेसाठी ते गरजेचं होतं, मी नाही म्हणत नाही. मात्र ज्या घोडेवाल्याची वाट सरकारी हुकमाने बंद झाली, त्याचा तोटा सगळ्यांच्या सुरक्षेसाठी झाला. सगळ्यांच्या रस्त्यासाठी एकाची जमीन घेतली तर आपण मोबदला देतो, मग सगळ्यांच्या सुरक्षेसाठी एकाचं दुकान बंद ठेवलं तर काहीच का नाही? हुकमाने बंद राहिलेल्या दिवसांचे पैसे सरकारने द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नफा नको, पण भाडं, नोकरांचा पगार, वीजबिल आणि नासलेला माल एवढं तरी द्यावं. हे दिवस मोजता येतात. हुकमावर तारीख असते, उठवल्याचीही असते. सर्व्हेअरला याहून सोपा दावा मिळणार नाही.

भीतीने न आलेलं गिऱ्हाईक मात्र मोजता येत नाही. लातूरच्या गंजगोलाईजवळ माझ्या ओळखीचा एक टूरवाला आहे. काश्मीरचा ग्रुप रद्द झाला. विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांना सुरुवातीला सवलत दिली, पण हॉटेलात भरलेला अ‍ॅडव्हान्स अडकला आणि लोकांना परतावा त्याने स्वतःच्या खिशातून दिला. "काका, माणसं आपल्या गल्लीतली. पैसे नाही म्हणलं तर पुढल्या वर्षी कोण येईल?" हा तोटा खराच. पण त्याच्या त्या गिऱ्हाइकांपैकी दोन कुटुंबं उन्हाळ्यात केरळला जाऊन आली, आणि ती दुसऱ्याच एजंटाकडून. त्याचं बुडालं, दुसऱ्याचं साधलं. सरकारने बुडालेला नफा भरून द्यायचा तर वाढलेला नफा काढूनही घ्यायला हवा. ते कोणी करणार नाही. आणि भीती संपली हे ठरवायचं कोणी?

शिवाय आमच्या धंद्यातलं एक उघड गुपित सांगतो. दावा आला की व्यापारी मला विक्रीची फुगलेली वही दाखवायचा. मी इन्कम टॅक्सचे कागद मागितले की त्यात निम्मीच विक्री. "साहेब, ते वेगळं असतंय." वेगळं कसं चालेल? सरकारपुढे गरीब आणि विम्यापुढे श्रीमंत, असं दोन्हीकडून जमत नाही. आता जीएसटीच्या रिटर्नमुळे महिन्याची विक्री कागदावर येते, म्हणून ही भरपाई पूर्वीपेक्षा मोजता येण्यासारखी झाली आहे. पण खरी विक्री दाखवणाऱ्यालाच तिचा उपयोग, आणि टपरीवाल्याकडे रिटर्न नसतोच.

सरकारकडे सध्या काय आहे? दहशतवादी, जातीय आणि नक्षली हिंसाचारातल्या नागरिकांसाठी केंद्राची योजना आहे. मदत आधी ३ लाख होती, २०१६ मध्ये ५ लाख झाली. ती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. पहलगाममध्ये गेलेल्या महाराष्ट्रातल्या सहा जणांच्या कुटुंबांना राज्याने प्रत्येकी ५० लाख देण्याचं ठरवलं. माणूस गेला तिथे मदत दिसते, धंदा गेला तिथे ठरलेला नियम नाही. राज्य आपत्ती निधीच्या यादीत पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट आहेत, थंडीची लाटही आहे. दहशतवादी हल्ला नाही. याच राज्याने २०२१ च्या महापुरानंतर नुकसान झालेल्या दुकानदाराला ५० हजार आणि टपरीवाल्याला १० हजार रुपये जाहीर केले होते. दुकानात पाणी शिरलं तर आकडा ठरलेला, बाँब फुटला तर मंत्र्याच्या मनावर.

आमच्या लातूरला सरकारी मदत म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि नंतर गावंच्या गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या कर्जातून. त्यावर मला कुणीतरी म्हणेल की भूकंप देवाचा, हल्ला माणसाचा, दोन्हींना एक माप कसं? मी म्हणतो, हल्ल्याला उलट जास्त माप लागावं. दहशतवाद्याचं भांडण सरकारशी असतं, दुकानदार मधे सापडतो. इस्राएलने म्हणूनच १९६१ पासून अशा नुकसानीसाठी कायदाच करून ठेवला आहे. तिथली परिस्थिती वेगळी, तिजोरी वेगळी. त्यांचं सगळंच उचलावं असं नाही, पण 'आधी नियम, मग हल्ला' हा क्रम घेण्यासारखा आहे. आपल्याकडे आधी हल्ला होतो, मग निवेदन, मग घोषणा, आणि ज्याचा आमदार वजनदार त्याला आधी चेक.

मग भीतीने बसलेल्या धंद्याला काय द्यायचं? मुदत. माझ्या लॉजवाल्याला भीक नको होती. त्याला बँकेच्या हप्त्याची धास्ती होती. दोन-तीन हप्ते थकले की सिबिल बिघडतं, सीसी लिमिट आवळली जाते आणि पुढचा सीझन येईपर्यंत माणूस सावकाराच्या दारात उभा असतो. कोविडमध्ये हे जमलं होतं. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना मुभा मिळाली. पुढे पर्यटन क्षेत्रासाठी सरकारी हमीचं कर्ज आलं, एजंटाला १० लाखांपर्यंत आणि गाइडला एक लाखापर्यंत. अर्थात नोंदणी असलेल्यांनाच. नैसर्गिक आपत्तीत कर्जफेडीची मुदत वाढवण्याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश दंगलग्रस्तांनाही लावता येतात. त्यांत दहशतवादी हल्ल्याचं नाव घालायला तिजोरीतून दमडी लागत नाही.

नांदेड या सगळ्यापासून लांब आहे, अशा समजुतीत राहू नका. १० फेब्रुवारी २०२५ ला गुरुद्वारा परिसरातच गोळीबार झाला, एकाचा जीव गेला आणि तपास एनआयएकडे गेला. होला मोहल्ला, दसरा, गुरु-ता-गद्दी या मोजक्या दिवसांवर इथल्या शेकडो घरांचं वर्ष चालतं. त्यातला एक सण बुडाला तर पुढे काय, याचं उत्तर आज कुठल्याच कार्यालयात लिहून ठेवलेलं नाही.

नांदेड आणि लातूरच्या व्यापारी संघटनांना माझं सांगणं आहे. भरपाई द्या, असं मोघम निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत जाऊ नका. तीन गोष्टी मागा: हुकमाने बंद राहिलेल्या दिवसांचा खर्च, हल्ल्यानंतर हप्त्यांना आपोआप मुदत, आणि टेररिझम पूलमध्ये छोट्या दुकानदारासाठी इजेशिवाय बुडालेल्या धंद्याचं संरक्षण. आणि या दिवाळीला वहीपूजन करताना फायर पॉलिसीही बाहेर काढा. दहशतवादाचा क्लॉज जोडला आहे का, ते शेड्यूलवर बघा. नसेल तर नूतनीकरणाआधी एजंटाला फोन करा.