सुटल्यावर कोठे जायचे?

द्वारका हा नाशिकचा गजबजलेला नाका. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता येथे भेटतात. याच शहरात किशोर सुधारालय, म्हणजे बोर्स्टल शाळा आहे. इंग्लंडमधील बोर्स्टल या खेड्यातील प्रयोगावरून हे नाव पडले आणि मुंबई इलाख्यात १९२९ साली तसा कायदा झाला. कोवळ्या वयाच्या गुन्हेगाराला सराईतांपासून दूर ठेवून शिस्त लावावी, हातास काम द्यावे, हा त्यामागील विचार.

मुंबईच्या शक्ती मिल बलात्कार प्रकरणातील (२०१३) दोघा अल्पवयीनांना २०१५ मध्ये तीन वर्षांसाठी येथेच धाडण्यात आले. २००० च्या कायद्यानुसार तीच कमाल मुदत होती. सुटकेनंतर त्यांपैकी एकास मारहाणीच्या गुन्ह्यात पुन्हा अटक झाल्याच्या बातम्या आल्या. मग सुधारणा झाली कोठे, असे कोणीही विचारील. पीडितांच्या बाजूने पाहता तो प्रश्न रास्तच आहे.

दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर २०१५ चा नवा कायदा आला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने सात वर्षे वा अधिक शिक्षेचा अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असल्यास, प्राथमिक छाननीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तरी एकविसाव्या वर्षापर्यंत त्यास तुरुंगात टाकता येत नाही. त्या वयाला तो सुधारला की नाही, हे बाल न्यायालय पाहते.

परंतु दुसरा गुन्हा घडतो तो भिंतींच्या बाहेर. मुलगा सुटतो आणि बहुधा त्याच वस्तीत, त्याच टोळक्यात परततो. घर दार लावून घेते, मालक काम देत नाही. 'भाई' मात्र जेवण देतो आणि मानही देतो. आत शिकविलेले सुतारकाम मग काय कामाचे? म्हणूनच कायद्याने अठरा ते एकवीस वयाच्या मुलांसाठी 'अनुरक्षण' सांगितले आहे: सुटकेनंतर निवारा, काम व पैशाचे साहाय्य. ही तरतूद कागदावर राहिली, तर मुदत तीनची दहा वर्षे करूनही धोका केवळ पुढे ढकलला जाईल.

अठरा ते एकवीस हे आपल्या महाविद्यालयातील मुलांचेच वय. सुटलेला मुलगा द्वारकेच्या नाक्यावर उभा राहील, तेव्हा जुन्या टोळीखेरीज त्याची वाट पाहणारे कोणी असेल काय? पुढच्या एखाद्या निरपराध माणसाचे प्राण या उत्तरावर अवलंबून आहेत.